थर्झाने आभार मानले नाहीत

इंग्लंडमधल्या थेल्बी गावात आपण कुणाच्या पायावर पाय दिला तर माफी तोच मागतो. मी मिरजेला नर्सिंग शिकून इथे आले तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, ही माणसं माझी थट्टा करताहेत. बसमधून उतरताना ड्रायव्हरचे आभार, दात उपटल्यावर डेंटिस्टचे आभार, दंड ठोकणाऱ्या पोलिसाचेसुद्धा आभार. आमच्या घरी पाण्याचा तांब्या पुढे केल्यावर कुणी ‘आभारी आहे’ म्हणालं असतं, तर आईने कपाळाला हात लावून ताप बघितला असता. तीस वर्षं मी लिंकनशरच्या या टेकड्यांमधून गाडी हाकत घरोघरी लोकांच्या जखमा बांधल्या, आणि आता कुणी आभार मानायला विसरलं तर मलाच काहीतरी चुकल्यासारखं होतं. सवय वाईट.

अख्ख्या गावात एकच बाई अशी होती की जिच्या तोंडून मी तो शब्द कधी ऐकला नाही. थर्झा लेगट. तिच्या डाव्या पायाला घोट्याच्या वर जुनी जखम होती. भरायची आणि पुन्हा उघडायची. मी पट्टी बांधून उठले की ती पाय हलवून बघायची, ‘हं’ म्हणायची आणि टेबलावरच्या लीकच्या, म्हणजे जाड कांद्याच्या पातीसारख्या भाजीच्या, जुडीकडे बोट दाखवायची. “ने ती. नाहीतर वाळून जाईल.” झाला व्यवहार. मला ही बाई पहिल्याच दिवशी आवडली. आपल्याकडची वाटली.

थर्झा गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर राबली. चाळिशीपासून साठीपर्यंतचे सगळे गडी तिच्या हातची उकडलेली कोबी खाऊन वाढले होते, आणि कोबी ताटात टाकली तर ती मागे उभी राहायची. अजूनही ती पबमध्ये शिरली की दोन-चार जण नकळत पाठ ताठ करून बसत. नवरा विल्फ ट्रॅक्टर चालवायचा, तो कधीच गेला. मूलबाळ नाही. कौन्सिलच्या, म्हणजे सरकारी भाड्याच्या, घरात एकटी राहायची आणि नाकावर माशी बसू द्यायची नाही.

आणि रोज चालायची. ऊन असो, धुकं असो, गुडघाभर चिखल असो, सकाळची कामं आटोपली की डोक्याला रुमाल बांधून ती गावाच्या टोकाच्या लोखंडी फाटकातून आत शिरायची. ते फाटक म्हणजे थेल्बी हॉलची हद्द. हॉल म्हणजे जमीनदारांचा वाडा, कॅस्टलेन घराण्याचा. पूर्वी हे गावच त्यांचं होतं, घरं त्यांची, चर्च त्यांचं, चर्चमधला पाद्रीही त्यांनीच ठेवलेला. मेथडिस्ट पंथाच्या लोकांना त्यांनी गावात चॅपल, म्हणजे त्यांचं वेगळं प्रार्थनाघर, बांधू दिलं नाही. मग ती माणसं दर रविवारी हॉलच्या बागेतूनच, लाइमच्या (लिंबाशी याचा काही संबंध नाही) उंच झाडांखालून, हॉलच्या मालकाच्या, म्हणजे सरांच्या, घरापुढच्या फरसबंद गच्चीसमोरून, तळ्याच्या काठाने टेकडी चढून पलीकडच्या टॉर्नबीला प्रार्थनेला जायची. सरांच्या नाकासमोरून, स्तोत्रं म्हणत. म्हणून तिला चॅपलची वाट म्हणतात. टॉर्नबीचं चॅपल आता कुणीतरी विकत घेऊन त्यात राहायला आलंय, पण थर्झा जायचीच. चॅपलच्या भिंतीवर टेकायची, पेपरमिंटची गोळी चघळायची आणि परत फिरायची.

“थर्झा, तिथे आता काय आहे?” मी एकदा विचारलं.

“भिंत आहे,” ती म्हणाली. “आणि तूच म्हणतेस ना, चालणं हेच माझ्या पायाचं औषध? मग घेते औषध.”

ते खरंच होतं. असल्या जखमेला चालण्यासारखा उपाय नाही. बसून राहिलं की पाय सुजतो आणि जखम चिघळते.

मे महिन्यात एका रविवारी अख्खं गाव मिळून ही वाट चालायचं. लहानमोठे, कुत्री, बाबागाड्या. पाद्री पुढे, मागे सगळे. हॉलपाशी आलं की सर जेराल्ड, म्हणजे थोरले सर, गच्चीवर चहा आणि मनुकांचा पाव ठेवायचे, वर चीजचा तुकडा. खाऊन झालं की नायजेल फॅरो उठायचा. नायजेल शाळेत भूगोल शिकवायचा, निवृत्त झाल्यावर ग्रामपंचायतीचा अध्यक्ष झाला. तो चमच्याने कप वाजवायचा आणि आभारप्रदर्शन करायचा. सर जेराल्डनी मोठ्या मनाने आपल्याला या सुंदर वाटेने चालू दिलं, त्यांचे उपकार कसे फेडावेत, वगैरे. सगळे टाळ्या वाजवायचे. सर लाजून बुटांकडे बघायचे.

थर्झा त्या रविवारीही सगळ्यांबरोबर निघायची. पण गच्चीपाशी सगळे डावीकडे वळले की ती वळायची नाही. सरळ चालत राहायची. आम्ही पाव तोंडात घालत असताना तळ्याच्या काठाने तिची पाठ लांब जाताना दिसायची.

“काय हा आडमुठेपणा!” पबवाली मॉरीन दरवर्षी म्हणायची. “चहा प्यायलीस तर काय विष घालणार आहेत?”

सर जेराल्ड गेले आणि मुलगा सर पिअर्स लंडनहून आला. छप्पर गळत होतं, एवढा मोठा हॉल पोसायचा म्हणजे हत्ती पोसण्यासारखंच. त्याने हॉलचं मंगल कार्यालय केलं. मी चेष्टा करत नाही. तळ्याकाठी पांढरे तंबू, गच्चीवर बँड, आणि दर शनिवारी एक नवरी. मला त्यात वावगं काही वाटलं नाही, मिरजेत काय वेगळं होतं? पण नवरीचा फोटो निघताना मागून थर्झा डोक्याला रुमाल बांधून, चिखलाच्या बुटांनी, काठी आपटत जायची. एका नवरीच्या सासूने म्हणे पैसे परत मागितले. पुढच्या आठवड्यात फाटकाला साखळी आणि भलंमोठं कुलूप. वर पाटी, खासगी जागा, आत येऊ नये.

नायजेलने गावाच्या सभागृहात बैठक बोलावली आणि शिकवतात तसं समजावून सांगितलं. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं चालत आले असतील तर ती वाट लोकांची होते, मग मालक कुणीही असो. मात्र चोरून चाललेलं चालत नाही, भांडून चाललेलं चालत नाही, आणि परवानगीने चाललेलंही चालत नाही. काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत, अर्ज करायचा, त्यावर सगळ्यांनी सह्या करायच्या. सगळ्यांनी केल्या. मीही केली. थर्झाने कागद बाजूला सारला.

“माझ्याच वाटेसाठी मी अर्ज करू?” ती म्हणाली. “उद्या म्हणाल, श्वास घ्यायला अर्ज कर.”

“मिसेस लेगट, ही नुसती औपचारिकता आहे—” नायजेल म्हणाला.

“मागितलं की ते दुसऱ्याचं ठरतं. मी मागणार नाही.” आणि ती उठून गेली. नायजेलने कपाळाला हात लावला. तोही तिच्या कोबीवर वाढलेला, पुढे बोलायची छाती नव्हती.

हॉलने हरकत घेतली. दिवस जात राहिले, इथले कागद बैलगाडीच्या वेगाने चालतात. इकडे थर्झाचं चालणं थांबलं होतं. टॉर्नबीला जायला दुसरा रस्ता म्हणजे मोठा हमरस्ता, त्याला कडेला पाऊल ठेवायला जागा नाही आणि बटाट्यांचे ट्रक अंगावर येतात. दोन-तीनदा तिने तोही करून बघितला. मग ती घरात बसली. पाय सुजू लागला. जी जखम मी मोठ्या मिनतवारीने भरत आणली होती ती तळहाताएवढी झाली.

“घरातल्या घरात फेऱ्या मारा,” मी म्हणायची.

“खुराड्यातली कोंबडी मारते तशा?” ती म्हणायची. चिडायची नाही. त्याचीच मला काळजी वाटायची.

शेवटी सरकारी इन्स्पेक्टर बाई आल्या. त्यांची सुनावणी गावच्या सभागृहातच होती, जिथे आम्ही ख्रिसमसचे बाजार भरवतो. टेबलावर हिरवं कापड, एका बाजूला सर पिअर्स आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही सगळे. वकिलाचं नाव पेनरोज. तरुण, गोरागोमटा, आणि तोंडात खडीसाखर. मला वाटलं होतं तो आमच्यावर ओरडेल. तो तर एकेकाला खुर्चीवर बसवून पाणी विचारायचा.

“मे महिन्यातल्या त्या फेरीला तुम्ही जायचात?” त्याने मॉरीनला विचारलं.

“हो तर. दरवर्षी.”

“सर जेराल्ड चहा द्यायचे?”

“फार छान चहा. आणि पाव.”

“मग तुम्ही त्यांचे आभार मानायचात?”

“अर्थात!” मॉरीनला रागच आला. “आम्ही काय रानटी आहोत?”

“बिलकुल नाही,” पेनरोज हसून म्हणाला. “त्यांनी वाटेने जाऊ दिलं म्हणूनही आभार मानायचात?”

“म्हणजे... नायजेल म्हणायचा तसं. आम्ही टाळ्या वाजवायचो.”

“मनापासून?”

“मनापासून!”

इन्स्पेक्टर बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मॉरीन खुशीत परत आली, आपण चांगलं बोललो असं तिला वाटत होतं. मग पोस्टमन आला, मग पाद्रीबाबा, मग नायजेल. प्रत्येकाला तोच गोड प्रश्न, आणि प्रत्येकाचं तेच सभ्य उत्तर. हो, आभारी होतो. हो, फार उपकार झाले. नायजेलला तर त्याने गच्चीवरचं भाषणच म्हणून दाखवायला लावलं. भाषण तोंडपाठ होतं. ‘मोठ्या मनाने आपल्याला चालू दिलं’ इथपर्यंत आला आणि नायजेल मध्येच थांबला. चेहरा पांढराफटक पडला. तेव्हा आम्हा सगळ्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चालू दिलं म्हणजे परवानगी. परवानगी म्हणजे वाट गेली. वर्षानुवर्षं टाळ्या वाजवून आम्ही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत होतो. आणि त्याबद्दल पुन्हा आभार!

जेवणाच्या सुट्टीत नायजेल दाराबाहेर उभा होता. त्याच्या हातातलं सँडविच तसंच होतं.

“सिस्टर बॅन, मी बुडवलं गावाला.” माझं बनसोडे हे आडनाव इथे कुणाला कधी जमलं नाही.

“तुम्ही एकट्याने कुठे? सगळ्यांनी मिळून बुडवलं,” मी म्हटलं. माझ्या तोंडून धीराचे शब्द पटकन निघत नाहीत. गाडी काढली आणि थेट थर्झाकडे गेले.

ती खिडकीपाशी पाय स्टुलावर ठेवून बसली होती. मी आधी पट्टी बघितली आणि मग सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं, ‘बरं झालं, भोगा’ म्हणेल. तिचा हक्कच होता.

“मॉरीन काय म्हणाली?”

“आम्ही काय रानटी आहोत, म्हणाली.”

थर्झा फुस्सकन हसली. मग तिने पाय स्टुलावरून खाली घेतला.

“त्यांच्या पुढ्यात उभं राहून काही मागायचं नसेल तर येते,” ती म्हणाली.

“मागायचं नाही. काय केलंत तेवढं सांगायचं.”

“टोपी दे ती.”

चॅपलला जायची निळी टोपी तिने आरशात बघून नीट बसवली. पायात बूट जाईना, तेव्हा एका पायात बूट आणि एका पायात कापडी सपात घातली, आणि माझ्या गाडीत अशी बसली की जणू गाडी तिचीच. मी तिला सभागृहाच्या दाराशी सोडून गाडी लावायला वळले. थर्झा दारातून आत शिरत होती, तेवढ्यात पेनरोज हातात फायलींचा ढीग घेऊन मागून आला. तिने काठीने दार अडवून धरलं, तो आत गेला.

तिला साक्षीला बसवायचं म्हटल्यावर पेनरोजने नापसंती दाखवली, मग खांदे उडवले. थर्झा खुर्चीवर बसली, पाणी नको म्हणाली, आणि आपण त्या वाटेने कधीपासून जातो, कुठून कुठे जातो, ते चार वाक्यांत सांगून मोकळी झाली.

“तुम्हाला कुणी अडवलं?” पेनरोजने विचारलं.

“कुलूप लावेपर्यंत नाही.”

“तुम्ही लपूनछपून जायचात का?”

“मी?” थर्झाने आजूबाजूला बघितलं आणि पबमधली सगळी मंडळी खिदळली. “हॉलला खिडक्या किती आहेत ते मोजा. त्यातली एकही झाकलेली नसायची.”

“सर जेराल्ड तुम्हाला ओळखायचे?”

“टोपी उचलायचे. मी मान हलवायची. ते त्यांच्या हिरवळीवर, मी माझ्या वाटेवर.”

“तुम्ही त्यांचे आभार कधीच मानले नाहीत?”

“कशाबद्दल?”

पेनरोज हसला. “मिसेस लेगट, तुमच्या गावातल्या सगळ्यांना ही कृपा वाटत होती. तुम्हालाच तेवढी वाटत नव्हती. मग सगळं गाव चुकलं आणि तुम्ही एकट्या बरोबर, असं समजायचं का?”

मला वाटलं, झालं. आता ही गावाला चार शिव्या हासडणार आणि खटला संपणार. पण तिने मागे वळून आमच्याकडे एकदा बघितलं. शाळेत ताटं गोळा करताना बघायची तसं.

“माझं गाव काही चुकलं नाही,” ती म्हणाली. “मघाशी तुम्ही त्या दारातून आत आलात. मी दार धरलं होतं. तुम्ही काय म्हणालात?”

पेनरोजने आठवून बघितलं. “थँक यू म्हटलं असेन.”

“दोनदा म्हणालात.”

“असेल.”

“हे सभागृह माझं आहे?”

“नाही.”

“मग तुम्ही आत आलात ते माझ्या परवानगीने?”

कुणीतरी मागे खोकलं. पेनरोजने फायलीचं पान उलटलं.

“मी दार धरलं नसतं तर तुम्ही बाहेर थांबला असता? नाही ना? आला असता. कारण आत यायचा हक्क तुम्हाला आहे. थँक यू म्हटलंत ते तुमच्या आईने चांगलं वळण लावलं म्हणून. माझ्या गावालाही त्यांच्या आयांनी तेच वळण लावलंय. एवढ्यावरून त्यांची वाट काढून घेणार असाल, तर उद्यापासून इथल्या एकेकाला मी उद्धटपणा शिकवते. कोबी खायला शिकवण्यापेक्षा सोपं आहे.”

सगळं सभागृह हसलं. इन्स्पेक्टर बाईंनी हसू दाबलं, पण ते मी बघितलं. मॉरीन तर उभीच राहिली. “मी पावाबद्दल टाळ्या वाजवत होते!” ती ओरडली, आणि तिला हाताला धरून खाली बसवावं लागलं.

पेनरोज कच्च्या गुरूचा चेला नव्हता. हशा ओसरू दिला आणि हळूच म्हणाला, “पण असं वळण तुम्हालाही असेलच. इतर ठिकाणी तुम्ही थँक यू—”

“मी कुठेच म्हणत नाही.”

“का?”

तेव्हा थर्झाने काठी दोन्ही हातांत धरली. एवढ्या वर्षांत हे तिने मलाही सांगितलं नव्हतं.

“माझा बाप हॉलच्या कुंपणांचं काम करायचा,” ती म्हणाली. “टेकडीवरचं हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांचं कुंपण बघा, अजून उभं आहे, ते त्याच्या हातचं. झाडावरून पडला, कंबर मोडली. घर हॉलचं होतं, नव्या माणसाला द्यायचं होतं. कारभारी आला आणि म्हणाला, मार्चअखेरपर्यंत राहा. त्या वेळी बर्फ पडत होतं. माझी आई दारात उभी राहून त्याला थँक यू म्हणाली. एकदा नाही, तो फाटकापर्यंत जाईतो म्हणत राहिली. बाप आत पलंगावर पडून ऐकत होता. त्याने तोंड भिंतीकडे केलं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. तेव्हाच ठरवलं, हा शब्द मी काही तोंडात धरणार नाही.”

सर पिअर्स हिरव्या कापडाकडे बघत होता. त्याच्या जन्माआधीची गोष्ट, त्याचा काय दोष? पण बघत होता खरा.

“म्हणजे तुम्ही त्या वाटेने रागाने चालत होता,” पेनरोज म्हणाला.

“आधी रागाने. पुढे पाय दुखायला लागल्यावर औषध म्हणून. आणि मधली सगळी वर्षं ती वाट छान आहे म्हणून. लाइमला फुलं येतात तेव्हा जाऊन बघा. पण कधीही मिंधी होऊन चालले नाही. बापाने बांधलेल्या कुंपणाच्या कडेने जाताना मिंधं कशाला व्हायचं?”

इन्स्पेक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. “आणखी काही सांगायचंय, मिसेस लेगट?”

“नाही. मागायचंही काही नाही,” थर्झा म्हणाली आणि उठली.

मला नर्सेसच्या परीक्षेत पहिला नंबर मिळाला होता, माझ्या मुलाने डॉक्टरकी पास केली, तेव्हा अभिमान वाटला तो वाटलाच. पण एका पायात सपात घातलेली ती म्हातारी सभागृहाच्या मधोमध चालत गेली आणि पंचवीस-तीस माणसं आपोआप उभी राहिली, तेव्हा माझा ऊर भरून आला. आपण या गावचे आहोत असं मला त्या दिवशी पहिल्यांदा छातीठोक वाटलं. इतकी वर्षं मी फक्त इथे राहत होते.

निकाल वसंतात आला. वाट लोकांची. इन्स्पेक्टर बाईंनी लिहिलं होतं की चहाबद्दल आणि आदरातिथ्याबद्दल मानलेल्या आभारांवरून लोक रोजच्या चालण्यालाही परवानगी घेत होते असं ठरत नाही. काउंटीची माणसं आली, साखळी काढली, आणि फाटकापाशी हिरवा खांब रोवला. त्यावर टॉर्नबीकडे बोट दाखवणारी पाटी होती. सर पिअर्सने एकही लग्न रद्द केलं नाही आणि खळखळही केली नाही. फोटो आता तो गच्चीच्या दुसऱ्या बाजूला काढतो. उजेडही तिथेच बरा आहे म्हणे.

नायजेल समारंभ करणार होता. लाल फीत, चहा आणि दोन शब्द.

“दोन शब्द कसले?” थर्झाने विचारलं.

“काउंटीचे आभार, इन्स्पेक्टर बाईंचे आभार, आणि सर पिअर्सनी ज्या खिलाडूपणाने—”

“नायजेल, तोंड उघडलंस तर त्याच खांबाला टांगीन.”

समारंभ झाला नाही. रविवारी सगळे आपापले आले आणि चालून गेले, बस्स. थर्झा त्यात नव्हती. पाय आता इतका गेला होता की घरातून फाटकापर्यंत म्हणजेच मोठी मजल. डॉक्टर पाय वाचवायच्या गोष्टी बोलत होते, चालायच्या नाही. मी मनातल्या मनात त्या कुलपाला आणि बैलगाडीच्या कागदांना शिव्या घालत होते. वाट मिळाली, पण जिच्यामुळे मिळाली तिचे पाय गेले. मला हे सहन होत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी पट्टी बदलायला गेले तर ती टोपी घालून तयार होती.

“चल,” ती म्हणाली.

“थर्झा, तुम्हाला जमणार नाही.”

“तुला सोबत म्हणून बोलावतेय. मत विचारलं नाही.”

दोन काठ्या, एका बाजूने मी. दर चार पावलांनी थांबत आम्ही फाटकापाशी पोहोचलो. तिने फाटक स्वतः ढकललं. आत आली. लाइमच्या पहिल्या झाडापर्यंत गेली आणि खोडाला पाठ टेकून उभी राहिली. समोर सगळी वाट दिसत होती, हॉलच्या खिडक्या, तळं, टेकडी, टेकडीवरचं कुंपण. तिचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि पट्टीतून ओल वर येताना मला दिसत होती.

“आता पुरे,” मी म्हटलं. “परत फिरू या. टॉर्नबी आता व्हायचं नाही, थर्झा.”

“माहितीय मला.”

“आधी कुलूप काढलं असतं तर—”

“रडू नकोस गं पोरी. नर्स ना तू?” तिने टोपी सारखी केली आणि टेकडीकडे बघून घेतलं. “पाय चालत होता तोवर मी त्या साखळीपाशी येऊन परत जायची. दुसऱ्याच्या हुकमाने मागे फिरणं कसं असतं ते माझ्या आईला विचार. आज परत जातेय ती माझ्या पायाने सांगितलं म्हणून. दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून नाही.”

मग ती वळली, आणि मी हात पुढे केला तो तिने घेतला नाही.